खुलासा: ‘वुल्फ क्रीक २’ आणि ते शून्य तारे

ऑस्ट्रेलियाच्या ओसाड भागात बॅकपॅकर पर्यटकांची शिकार करणाऱ्या मिक टेलरचा ‘वुल्फ क्रीक २’ हा भयपट समीक्षकांनी एकमुखाने निकालात काढला, अमेरिकन समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी तर शून्य तारे दिले, असा मजकूर फिरतोय. शून्य तारे खरे, पण ते २००५ च्या पहिल्या भागाला. दुसरा भाग ऑगस्ट २०१३ मध्ये व्हेनिस महोत्सवात स्पर्धेबाहेर दाखवला गेला. ईबर्ट त्याच वर्षी एप्रिलमध्ये वारले होते.

‘एकमुखाने’ हेही खरं नाही. मतं चांगलीच विभागलेली होती. पहिल्या भागातली सावकाश चढत जाणारी भीती गेली आणि रक्तपात, आचरट विनोद वाढला, ही तक्रार रास्तच. पण मिक साकारणाऱ्या जॉन जॅरटच्या कामाला दाद मिळाली. खुर्चीला बांधलेल्या इंग्रज तरुणाला मिक ऑस्ट्रेलियाच्या इतिहासावर प्रश्न विचारतो, उत्तर चुकलं की बोट जातं. हसू येतं आणि आपलीच आपल्याला लाज वाटते.

‘सत्यघटनेवर आधारित’ ही पाटीही जपूनच वाचा. मिक काल्पनिक आहे. ज्याच्या गुन्ह्यांवरून तो सुचला त्या इव्हान मिलाटला १९९६ मध्ये सात खुनांबद्दल शिक्षा झाली. ते मृतदेह सापडले न्यू साउथ वेल्सच्या बेलँग्लो जंगलात, चित्रपटाला नाव देणाऱ्या पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या वुल्फ क्रीकच्या उल्काविवरापासून देशाच्या पार दुसऱ्या टोकाला.