बेल कर्व्हवर बसवलेली टीम

अभिनंदन! बढती मिळाली, हिंजवडीत काचेची केबिन मिळाली आणि हाताखाली आठ माणसं आली. आता या आठांची 'हाय परफॉर्मिंग टीम' करून दाखवायची आहे. घाबरू नका, फार डोकं लागत नाही.

आधी अप्रेझल उरकून घ्या. आठही जणांनी जीव तोडून काम केलंय असं वाटत असेल, तर तो विचार झटका. बेल कर्व्हला, म्हणजे थोडे वर, बरेच मधे, थोडे तळाला अशा सक्तीच्या वाटणीला, ते चालत नाही. जनरल इलेक्ट्रिकचे एकेकाळचे प्रमुख जॅक वेल्च यांनी २०-७०-१० चा हिशेब घालून दिलाय: वरच्यांना बक्षीस, मधल्यांना आशा, खालच्यांना दार. आठाचे दहा टक्के म्हणजे पुरता एक माणूसही भरत नाही, पण अपूर्णांकाला नारळ देता येत नाही. पूर्ण धरा. बाळंतपणाच्या रजेवरून नुकती परतलेली कुणी असेल तर सोयीची पडते. तिनं वर्षात काय केलं ते तुम्हाला आठवत नाही, म्हणजे काही केलंच नसणार.

मायक्रोसॉफ्टनं असली क्रमवारी २०१३ मध्येच गुंडाळली, असं एखादा आगाऊ सांगेल. शेजाऱ्याला मदत केली की आपलंच रेटिंग धोक्यात, हे तिथल्या हुशारांनी ओळखलं होतं म्हणे. तुमच्यांना ओळखायला वेळ लागेल. तेवढ्यात दोन-तीन रिलीज निघतात.

रोज सकाळी स्टँडअप मीटिंग. लांबू नये म्हणून तो उभ्यानं घ्यायचा असतो, तेव्हा त्यांना उभं करा आणि तुम्ही बसा. समोर एक्सेल उघडा, लाल रकान्यावर कर्सर न्या आणि नुसतं पाहत राहा. कुणीतरी पोरगी म्हणेल, "सर, पेमेंटचं टेस्टिंग अर्धवट आहे. शुक्रवारी रिलीज नको." तिला सगळ्यांसमोर सांगा, "प्रॉब्लेम नको, सोल्युशन घेऊन ये." सोल्युशन 'सोमवारी करू' हेच आहे आणि ते तिनं आताच सांगितलंय, पण तिकडे दुर्लक्ष करा. शनिवारी रात्री प्रॉडक्शन, म्हणजे ग्राहक वापरतात ती चालू सिस्टीम, झोपलं की मेल टाका: 'टीमनं ओनरशिप घेतली नाही.' सीसीमध्ये तुमचे साहेब, साहेबांचे साहेब आणि ती पोरगी. पुढच्या स्टँडअपला सगळे "नो ब्लॉकर्स", म्हणजे काही अडलेलं नाही, असं म्हणतील. याला एकवाक्यता म्हणतात.

गूगलनं १८० टीम तपासून काढलेला निष्कर्ष असा, की टीममध्ये कोण आहे यापेक्षा तिथं न घाबरता बोलता येतं का, याला जास्त महत्त्व. असेल बुवा. गूगलला आपला क्लायंट कुठे सांभाळायचाय?

टीम बिल्डिंगसाठी लोणावळा. शनिवारी ठेवा, ऐच्छिक ठेवा आणि हजेरी घ्या.

एवढं करूनही एखादा राजीनामा टाकेलच, आणि तो नेमका कामाचाच निघेल. तळाला टाकलेल्यांना अजून दुसरी ऑफर यायची असते. एक्झिट इंटरव्ह्यूला घाबरू नका. रिलीव्हिंग लेटर हातात पडेपर्यंत कुणी खरं बोलत नाही. कारणाच्या रकान्यात तो 'बेटर ऑपॉर्च्युनिटी' लिहील, खाली तुमचे आभारही मानेल. तेवढा स्क्रीनशॉट जपून ठेवा, तुमच्या अप्रेझलला 'पीपल मॅनेजमेंट'खाली जोडता येतो.