अ‍ॅब्स्ट्रॅक्टवर भागवू नका

पीएचडी करणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो: ‘अख्खा पेपर वाचत बसू नका. सायटेशन (इतरांनी दिलेले संदर्भ) किती ते बघा, जर्नल नामांकित आहे ना ते बघा, अ‍ॅब्स्ट्रॅक्टवरून (पेपरच्या सुरुवातीच्या गोषवाऱ्यावरून) दोन ओळी लिहा आणि पुढे चला.’ मला हा सल्ला घातक वाटतो.

आधी सायटेशन. १९८० साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये जेन पोर्टर आणि हर्शेल जिक यांचं एक पत्र छापून आलं. शोधनिबंध नव्हेच, जेमतेम पाच वाक्यं. रुग्णालयात नार्कोटिक (अफूच्या वर्गातली) औषधं दिलेल्या ११,८८२ जणांमध्ये, पूर्वी व्यसन नसलेल्या फक्त चौघांना व्यसन लागल्याची ठोस नोंद सापडली, असं त्यात म्हटलं होतं. घरी महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांबद्दल चकार शब्द नाही. २०१७ मध्ये त्याच जर्नलात कॅनडातल्या संशोधकांनी हिशेब मांडला: पत्राचा संदर्भ ६०८ वेळा दिला गेला. त्यातल्या सुमारे ७२ टक्के लेखकांनी ते ‘व्यसन क्वचितच लागतं’ याचा पुरावा म्हणून वापरलं, आणि जवळपास ८१ टक्के लेखकांनी हे रुग्ण रुग्णालयात दाखल होते हे सांगितलंच नाही. उत्तर अमेरिकेतल्या ओपिऑइड (याच वर्गातल्या वेदनाशामकांच्या व्यसनाच्या) संकटाला याने हातभार लागला, असं त्यांचं मत आहे. इतकी सायटेशन्स पाहून तुम्हीही विश्वास ठेवला असतात.

नामांकित जर्नल? हे पत्र नामांकित जर्नलातलंच. ‘लॅन्सेट’ने १९९८ मध्ये छापलेला, एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लशीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा, १२ मुलांवरचा ब्रिटिश डॉक्टर अँड्र्यू वेकफिल्ड यांचा पेपर मागे घ्यायला २०१० उजाडलं. म्हणून संदर्भ देण्याआधी पेपर मागे घेतला गेलाय का, ते पबमेडवर (वैद्यकीय पेपरांच्या ऑनलाइन सूचीत) बघाच.

आता सारांश. ‘पोर्टर व जिक (१९८०) यांच्या मते व्यसनाचा धोका नगण्य आहे’ ही ओळ चुकीची. ‘रुग्णालयातल्या नोंदींवर आधारलेलं छोटं पत्र, औषध किती दिवस दिलं याची माहिती नाही, घरी दीर्घकाळ औषध घेणाऱ्यांना लागू करता येत नाही’ ही नोंद उपयोगाची. असल्या मर्यादा अ‍ॅब्स्ट्रॅक्टमध्ये बहुधा येत नाहीत. त्या मेथड्समध्ये (अभ्यास कसा केला ते सांगणाऱ्या भागात) आणि तक्त्यांखालच्या बारीक टिपांत असतात, तेव्हा तिथूनच वाचायला लागा.

राहिली वेळेची सबब. हे पत्र वाचायला मिनिटभर पुरतं.