आमच्या घरात आई सरपंच होती

एका आमदारताईंच्या शेतकरी नवऱ्याच्या दिनचर्येवरचा तुमचा लेख वाचला आणि माझे वडील, अण्णाच डोळ्यांसमोर आले. २०११ मध्ये ग्रामपंचायतीत बायकांना ५० टक्के आरक्षण झालं, त्यानंतरच्या निवडणुकीत आई सरपंच झाली. अण्णा सोयाबीन-तुरीत रमणारे. तरी लोक कामं घेऊन बांधावर त्यांच्याकडेच यायचे. एकदा ग्रामसेवक दाखले घेऊन आले, तर अण्णा पाठीवरचा पंप न उतरवता म्हणाले, "सही तिची, शिक्का तिचा. घरी जा, ती आहे." कितीतरी गावांत नवराच खुर्चीत बसतो, म्हणून मला त्यांचा फार अभिमान वाटतो.

पण झळ बसायचीच. आई पंचायत समितीत गेली की धारा, आमचे डबे, आजीच्या गोळ्या, सगळं त्यांच्यावर. भाकरी नेहमी एका बाजूनं करपलेली. एका वर्षी शेंगा तडकायला लागल्या, मजूर मिळेनात आणि नेमकी ग्रामसभा. बरंच सोयाबीन रानातच फुटलं. दोघांत दोन दिवस अबोला होता. तुमच्या लेखात अशा झळीबद्दल एक ओळही नाही. विधानसभेची २०१४ आणि २०१९ ची मतदानं ऑक्टोबरात, ऐन काढणीत झाली. तेव्हा आमदारताईंच्या रानात कोण होतं, हे त्यांच्या नवऱ्याला जरूर विचारा.