प्लग चॉकलेटी आला म्हणजे ट्यूनिंग झालं? थांबा जरा

कोणी बाईकचं इंजिन नवीन बांधलं रे बांधलं की त्याला तो मेसेज येतोच. थोडक्यात असा: बोअर-पिस्टन मोठं टाकलं, हाय-लिफ्ट कॅम (व्हॉल्व्ह जास्त उघडणारा) बसवला, की कार्बोरेटरचा मेन जेट (पेट्रोल येण्याचं भोक) दोन नंबर वाढवा, टायमिंग थोडं ॲडव्हान्स करा (म्हणजे स्पार्क लवकर द्या), चार दिवस चालवून स्पार्क प्लग काढा, चॉकलेटी दिसला की ट्यूनिंग संपलं. इंजेक्शनच्या गाडीला तर तेवढंही नको, ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) आपोआप शिकतो. आणि पहिले 1000 किलोमीटर गाडी गरीब गायीसारखी चालवा. आता गंमत अशी की यातलं एकही वाक्य धडधडीत खोटं नाहीये, प्रत्येकात थोडं खरं आहे म्हणून तर लोक पुढे ढकलतात, आणि जे उरतं त्यात पिस्टन जातो.

"सीसी वाढला म्हणून मेन जेट वाढवा." कार्बला सीसी कळत नाही हो, त्याला फक्त हवा कळते. पिस्टन खाली जाताना हवा ओढतो, ती व्हेंचुरीच्या अरुंद गळ्यातून जोरात जाते, तिथे दाब पडतो आणि त्या पडलेल्या दाबामुळे जेटमधून पेट्रोल वर खेचलं जातं. सीसी वाढला की त्याच गळ्यातून जास्त हवा जाणार, दाब आणखी पडणार, पेट्रोलही आपसूक जास्त येणार. म्हणजे कार्ब तोच, फिल्टर तोच, सायलेन्सर तोच आणि फक्त बोअर मोठा असेल तर जेट फारसा बदलावा लागत नाही. जेट खरा वाढतो तो ओपन फिल्टर लावल्यावर, कारण कार्बच्या आधीचा अडथळा गेला की जेटवरची ओढ कमी होते, किंवा कार्बच मोठा घातला तर. लोक पिस्टन आणि फिल्टर एकाच दिवशी बदलतात आणि श्रेय पिस्टनला देतात.

बरं, "दोन नंबर" म्हणजे किती? केहीन कंपनीच्या जेटवर 110 लिहिलंय म्हणजे भोक साधारण 1.10 मिमी. 110 चा 120 केला तर व्यास 9 टक्के वाढला पण भोकाचं क्षेत्रफळ वाढलं 19 टक्के. मिकुनी कंपनीच्या हेक्स जेटचा नंबर तर प्रवाहावर असतो, तिथे हिशोबच वेगळा. आणि मुख्य म्हणजे मेन जेटचं राज्य सुरू होतं साधारण पाऊण थ्रॉटलच्या पुढे, त्याच्या खाली सगळा कारभार पायलट जेट (आयडलचं छोटं भोक), स्लाईडचा (थ्रॉटलबरोबर वर-खाली होणाऱ्या झडपेचा) कट आणि तिच्यातल्या सुईचा. गाडी हुंदके देते पाव थ्रॉटलला आणि आपण मेन जेट बदलत बसलोय असं अगदी नेहमी होतं. यावर उपाय फुकटातला आहे, ग्रिपच्या कडेला चिकटपट्टी लावून बंद, पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण अशा खुणा करा, शेजारी एक रेघ फिक्स भागावर, आणि त्रास नेमका कोणत्या खुणेवर येतो ते बघा. मग कोणता जेट ते आपोआप समजतं.

"प्लग चॉकलेटी हवा." हा नियम शिसं असलेल्या पेट्रोलच्या जमान्यातला. बिनशिशाच्या पेट्रोलवर चांगलं चाललेलं इंजिनसुद्धा प्लग जवळजवळ पांढरा ठेवू शकतं. शिवाय प्लगवर शेवटी जे चाललं तेच दिसतं, तुम्ही पूर्ण थ्रॉटल मारून, मग ट्रॅफिकमधून रमतगमत, पाच मिनिटं आयडल करून गाडी लावली आणि प्लग काढला, तर तुम्ही पायलट जेटचा रिपोर्ट वाचताय आणि शिक्षा मेन जेटला देताय. मेन जेट बघायचा तर नवा प्लग, बंद ट्रॅकवर पूर्ण थ्रॉटल, आणि तिथेच क्लच दाबून किल स्विच, मग प्लग काढायचा. बघायचं कुठे? टोकाला नाही, चिनीमातीच्या मुळाशी, आत खोल जिथे ती लोखंडाला भिडते, तिथे काजळीचं एक बारीक कडं असतं ते मिश्रणाचं.

आणि भिंग घेतलंच आहे तर त्याच चिनीमातीच्या पांढऱ्या भागावर बघा. मीठ-मिरी भुरभुरल्यासारखे बारीक काळे किंवा चकचकीत ठिपके दिसले तर रंग कितीही सुंदर असू दे, ते चकचकीत ठिपके ॲल्युमिनियमचे आहेत आणि ॲल्युमिनियम आलंय पिस्टनच्या डोक्यावरून. माझ्या एका जुन्या प्लगवर असे ठिपके आहेत, रंग मात्र मेसेजमध्ये सांगतात अगदी तसा, दुधाच्या कॉफीसारखा.

ते ठिपके कशामुळे आले, तर पुढच्या मुद्द्यामुळे. "टायमिंग थोडं ॲडव्हान्स केलं की पिकअप वाढतो." मेसेजमधला हा सगळ्यात महागात पडणारा सल्ला. स्पार्क आधी द्यावा लागतो कारण मिश्रण जळायला वेळ लागतो, आणि सगळा खटाटोप असतो तो दाबाचा कळस पिस्टन वरच्या टोकावरून साधारण 15 अंश खाली आल्यावर गाठला जावा यासाठी. आता कॉम्प्रेशन वाढलं की मिश्रण जास्त दाटलेलं असतं, ते भराभर जळतं, म्हणजे स्पार्क उशिरा दिला तरी चालतो, बहुतेकदा द्यावाच लागतो. "पण मी कॉम्प्रेशन वाढवलंच नाही" असं म्हणणाऱ्यांसाठी हिशोब: 150 सीसी, कॉम्प्रेशन 10:1 म्हणजे पिस्टन वर असताना उरलेली जागा साधारण 16.7 सीसी. हेड तेच ठेवून, सपाट पिस्टन घालून 170 सीसी केलं तर 186.7 भागिले 16.7, झालं 11.2:1. तुम्ही नाही वाढवलं, वाढलं. वर कोणी हेड घासून दिलं असेल किंवा पातळ पॅकिंग टाकलं असेल तर आणखी.

मोठ्या कॅमचं उलटं असतं, खालच्या आरपीएमला सिलिंडर नीट भरत नाही, तिथे थोडा ॲडव्हान्स मानवतो, पण वर, जिथे कॅम भरभरून हवा देतो, तिथे नाही. पिकअप कॉइलची (स्पार्कची वेळ सांगणाऱ्या सेन्सरची) प्लेट फिरवली की टायमिंगचा पूर्ण कर्व्ह एकत्र सरकतो, म्हणजे खाली जो फायदा जाणवला त्याची किंमत वर पूर्ण लोडला चुकती होते, आणि मोकळ्या सायलेन्सरच्या आवाजात हेल्मेटच्या आत नॉकिंग, म्हणजे मिश्रण आपोआप भडकून पिस्टनवर बसणारी ठोकर, ऐकूच येत नाही. बरोबर पद्धत म्हणजे कमी ॲडव्हान्सपासून सुरुवात, एक-दोन अंशांनी पुढे, ताकद वाढायची थांबली की मागे. डायनो (ताकद मोजायचं यंत्र) यासाठी लागतो, आकडा मिरवायला नाही. ऑक्टेनचंही तेच, जास्त ऑक्टेनमध्ये जास्त ताकद भरलेली नसते, ते फक्त नॉकिंगला जास्त वेळ तग धरतं.

थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सर फटफट फुटतो ते पॉवरचं लक्षण, हे पण कोणीतरी शेवटी जोडलंय. बहुतेकदा पायलट लीन (पेट्रोल कमी) असतो नाहीतर सायलेन्सरच्या जॉइंटमधून हवा आत जाते. सोडा.

"ईसीयू शिकतो." शिकतो, पण किती? बहुतेक गाड्यांचा साधा ऑक्सिजन सेन्सर एवढंच सांगतो की मिश्रण हवा-पेट्रोलच्या 14.7:1 च्या या बाजूला आहे की त्या. आयडल आणि निवांत चालीत ईसीयू त्याचं ऐकतो, तेही ठरलेल्या मर्यादेत. पूर्ण थ्रॉटलला मिश्रण लागतं साधारण 12.5 ते 13, तिथे तो सेन्सर आंधळा असतो आणि ईसीयू कारखान्यातून आलेला तक्ता वाचतो, जो जुन्या कॅमसाठी लिहिलेला आहे. जिथे हवेचा अंदाज फक्त थ्रॉटल आणि आरपीएमवरून बांधला जातो तिथे तर कॅम बदलल्याचं त्याला कळायचा मार्गच नाही. वाइडबँड (मिश्रणाचा नेमका आकडा सांगणारा सेन्सर) लावा, बॉशचा एलएसयू 4.9 वगैरे, पण तोही आंधळेपणाने मानू नका. मिसफायर झाला तर न जळलेला ऑक्सिजन बाहेर येतो आणि मीटर म्हणतं लीन, तुम्ही पेट्रोल वाढवता, मिसफायर आणखी वाढतो, मीटर आणखी लीन. मोठ्या ओव्हरलॅपच्या (दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे राहतात अशा) कॅमवर आयडलला हा खेळ हमखास होतो. (14.7 हा आकडा निव्वळ पेट्रोलचा, इथेनॉलचा 9 आहे, म्हणून मिसळलेलं पेट्रोल असेल तर लॅम्डामध्ये, म्हणजे आदर्श मिश्रणाच्या पटीत, बोललेलं बरं.)

आता गरीब गाय. रिंगा भिंतीला दाबल्या जातात त्या मुख्यतः मागून घुसलेल्या गॅसच्या दाबाने. सतत हळू चालवलं तर दाबच येत नाही, होनिंगच्या (सिलिंडरच्या भिंतीवर मुद्दाम घासलेल्या) रेघांवर चकाकी चढते आणि ती गाडी मग कायम ऑइल पिते. म्हणून गरम करून, मध्यम थ्रॉटलने ओढायची, सोडायची, पुन्हा ओढायची, एकाच वेगात रेंगाळायचं नाही, ऑइल लवकर बदलायचं. याचा अर्थ पहिल्या दिवशी लिमिटरवर (आरपीएमच्या कमाल मर्यादेवर) आपटायची असाही नाही. पण मेसेजमधली खरी खोट वेगळीच, ट्यूनिंग नंतर आणि 1000 किलोमीटर आधी असं सुचवलंय, जेव्हा पहिल्या स्टार्टलाच मिश्रण किंचित रिच (पेट्रोल जास्त) का होईना पण ठिकाणावर हवं. लीन असेल तर पिस्टन चिकटेल, फारच रिच असेल तर पेट्रोल भिंतीवरचं ऑइल धुऊन नेईल.

आणि जेटच्या डब्याला हात लावायच्या आधी टॅपेट (व्हॉल्व्हची फट) पुन्हा मोजा, नव्या कॅमवर पहिल्या काही गरम-गारनंतर ते सरकतात, कॉम्प्रेशन बघा (मोठ्या कॅमला किकवर थोडं कमीच दाखवतं, घाबरू नका) आणि कार्ब ते हेडमधलं रबर तपासा. मी हे शेवटी केलं. आयडल खालीवर होत होता, तीन रविवार पायलट बदलत बसलो, मग वैतागून इंजिन गार असतानाच स्टार्ट करून त्या रबरावर पाण्याचा फवारा मारला तर आयडल क्षणभर सुधारला. काढून वाकवून बघितलं, खालच्या बाजूला केसाएवढी चीर, सरळ असताना दिसायचीच नाही. रबर बदललं आणि गाडी नीट चालली ती पहिल्या रविवारी मी काढून टाकलेल्या पायलटवर.