सुपारी आणि शून्य अंश

शेफिल्डमध्ये घर चढावर घेतलं ही माझी चूक. दारात बटाटा पडला तर तो ड्राइव्हवेवरून घरंगळत रस्ता ओलांडून समोरच्यांकडे मुक्कामाला जातो. 2014 साली टूर द फ्रान्स या गावात आली, तेव्हा वाटेत जेंकिन रोडचा 33 टक्क्यांचा चढ होता. त्या सायकलवाल्यांच्या मागे निदान कॅरॅव्हॅन नव्हती.

माझ्या होती, गाडीला जोडून ओढायचं चाकांवरचं घर. शिवाय कऱ्हाडहून आलेले सासरे होते.

कॅरॅव्हॅन मागे घेताना स्टिअरिंग डावीकडे फिरवलं की तिचा पार्श्वभाग उजवीकडे जातो. एवढं डोक्यात धरून मी मानेला रग लागेपर्यंत आरसे बघत होतो आणि नाना आरशात कुठेच नव्हते. फक्त पत्र्यावर थापा ऐकू येत होत्या. एसटीच्या घंटीप्रमाणे एक थाप म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला, हे मी समजून घेतलं. मग तीन पडल्या.

"नाना, तीन म्हणजे काय?"

"म्हणजे मी विचार करतोय."

समोरचे गृहस्थ चहाचा मग घेऊन खिडकीत उभे. इथली माणसं बोलत नाहीत, नुसती बघतात. त्यापेक्षा शिव्या परवडल्या.

डाव्या चाकाखाली प्लास्टिकचा उतरता ठोकळा सरकवून आडवी पातळी साधली, चाकांना अडसर लावले, गाडी सोडवली आणि पुढच्या छोट्या चाकाखाली फळ्या रचून कॅरॅव्हॅनचं नाक वर उचललं. दीड तास गेला. फोनवरच्या पाणसळीने दोन्ही बाजूंनी शून्य अंश दाखवला.

"एवढा आटापिटा कशाला?" नाना म्हणाले.

फ्रिजसाठी, मी सांगितलं. उद्या व्हिटबीला निघायचंय, श्रीखंड रात्रीच गार व्हायला हवं. या फ्रिजला कॉम्प्रेसर नसतो. आत अमोनिया आणि पाणी तापून वर चढतं आणि आपल्याच वजनानं खाली वाहतं. कॅरॅव्हॅन कलली की ते तुंबतं.

"म्हणजे पाटच की!" खोडशीच्या बंधाऱ्यावरून निघणाऱ्या कृष्णा कालव्यावर नानांची सारी नोकरी गेलेली. "पाटाला उतार लागतो, जावईबापू. हजारो फुटांत फूटभर का होईना, पण लागतो. तुम्ही सपाट करून पाणी वाहणार कसं?"

"उतार आतल्या नळीला दिलेला असतो, नाना. बाहेरून सपाट लागतं."

"असं होय," म्हणत त्यांनी खिशातून अख्खी सुपारी काढून ओट्यावर ठेवली. सुपारी निघाली. सिंकला वळसा घालून दाराशी टपकली.

"फोन काय म्हणतो?"

"शून्य."

"आणि सुपारी?"

सुपारी हे मोजमापाचं साधन नाही, ती नीट गोलसुद्धा नसते, बुडाशी चपटी असते, असं मी जरा आवाज चढवूनच म्हणालो. नानांनी शांतपणे तिला चपट्या बुडावर बसवलं. ती क्षणभर थबकली आणि निघाली.

"कसं आहे, जावईबापू," नाना म्हणाले, "सुपारीला चार्जिंग लागत नाही."

माझा पगार, माझं कर्ज, माझी कंबर, आणि न्यायनिवाडा सुपारी करणार! या देशात चौदा वर्षं काढली, तरी सासरा आला की मी परत कांदेपोह्यांच्या पाटावर.

रात्री अकराला टॉर्च घेऊन एकटाच बाहेर आलो, तेव्हा उलगडा झाला. फोनच्या पाठीवर कॅमेऱ्याचा जाड उंचवटा आहे. फोन टेकवला की तोच कललेला असतो. तो शून्य दाखवीपर्यंत मी अख्खी कॅरॅव्हॅन वाकडी करत नेली होती. फोन उभा धरून, कडेवर टेकवून पुन्हा मोजलं आणि एक फळी काढली. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही.

सकाळी श्रीखंड गार होतं. नाना फोनवर कऱ्हाडला ओरडून सांगत होते, "काही नाही हो, एका सुपारीचं काम होतं!"

सुपारी अजून ओट्यावर आहे. जरासुद्धा हलत नाही.