६८ सेकंदांची जत्रा

माझी मुलगी चारशे मीटर ६८ सेकंदांत पळते. हे मी कौतुकानं सांगतो असं लोकांना वाटतं. मी गाऱ्हाणं सांगत असतो. ते ६८ सेकंद बघण्यासाठी एप्रिलअखेरच्या एका गुरुवारी रजा टाकायची, एक्सटनहून सकाळची लोकल धरायची, फिलाडेल्फियाला ३०थ स्ट्रीट स्टेशनवर उतरून वीस मिनिटं चालायचं आणि विटांच्या एका अजस्र स्टेडियममध्ये पाठ न टेकता येणाऱ्या बाकावर तासन्‌तास बसायचं. दारातून निघून दारात परत येईपर्यंत बारा तास. त्यातले कामाचे ६८ सेकंद. लग्नाला जाऊन नुसत्या अक्षता टाकून परतण्यासारखंच, पण लग्नात निदान जेवायला बसवतात.

ह्या प्रकाराला पेन रिले म्हणतात. पेनाशी संबंध नाही. पेन्सिल्वेनिया विद्यापीठाचं हे लाडकं नाव. सगळा घोळ १८९३ साली सुरू झाला. विद्यापीठाच्या वसंतातल्या शर्यतींना प्रेक्षक फिरकेनात, तेव्हा फ्रँक एलिस आणि त्यांच्या समितीनं शक्कल काढली: एकट्यानं मैल पळण्याऐवजी चौघांनी पाव-पाव मैल पळायचं आणि समोर दुसऱ्या विद्यापीठाचे चौघे उभे करायचे. पहिला सामना प्रिन्स्टनशी झाला आणि पेनवाले हरले. आपल्याकडे समितीनं अशी शक्कल काढून पहिल्याच वर्षी मार खाल्ला असता तर समिती बरखास्त होऊन चौकशी समिती बसली असती. इथे त्यांनी १८९५ साली फ्रँकलिन फील्ड नावाचं मैदानच बांधलं आणि कॉलेजांबरोबर शाळांनाही बोलावलं. तेव्हापासून दर एप्रिलला पोरं इथे येऊन पळतात. दोन महायुद्धांनीही ज्यात खंड पडला नाही, तो पहिल्यांदा पडला २०२० साली, कोविडमुळे. आता तीन दिवसांत पंधरा हजारांवर पळणारे असतात आणि बघे लाखाच्या घरात. त्या लाखात मी.

हे सगळं मला माहीत असण्याचं कारण साधं आहे. बाकावर बसून दुसरं करण्यासारखं काही नसतं. पहिल्या वर्षी मी फोनवर ह्या स्पर्धेचा सगळा इतिहास वाचून काढला. मुलीची शर्यत सोडून मला तिथलं सगळं ठाऊक आहे.

पहिल्या वर्षी काय झालं ते सांगतो. मुलींच्या चार गुणिले चारशेची शर्यत म्हणजे एक शर्यत नव्हे. एकेका गटात दहा-बारा शाळा, असे गटामागून गट, आणि दर चार-पाच मिनिटांनी पुढचा गट सुटतो. आमचा गट अठ्ठाविसावा होता. मी हिशेब केला, अजून तास-दीड तास आहे, तेवढ्यात काहीतरी पोटात घालू. स्टेडियमबाहेर जर्क चिकनचा धूर निघत होता. (जमैकाच्या ह्या पदार्थाचं फिलाडेल्फियात काय काम, ते पुढे येईलच.) रांगेत उभा राहिलो. रांग मारुतीच्या शेपटासारखी. माझा नंबर आला, चिकन हातात पडलं आणि फोन वाजला. बायको ऑफिसातून थेट प्रक्षेपण बघत होती. म्हणाली, “कसली सुंदर पळाली रे! तुला किती जवळून दिसलं असेल!” मी म्हटलं, “हो ना.” चिकन फार झणझणीत होतं, त्यामुळे डोळ्यांतल्या पाण्याचा खुलासा करावा लागला नाही.

दुसऱ्या वर्षी मी बाकावरून हललो नाही. पाणीसुद्धा प्यायलो नाही, म्हणजे उठायची पाळीच नको. आमचा गट आला. तिसरी पळणारी आमची. पांढरा टीशर्ट, लाल चड्डी, वर बांधलेली वेणी. मी उभा राहून घसा फाटेस्तोवर ओरडलो. व्हिडिओ काढला, बायकोला पाठवला, साताऱ्याला भावाला पाठवला, मराठी मंडळाच्या ग्रुपवरही टाकला. एकशे चौदा अंगठे आले. संध्याकाळी मुलीनं व्हिडिओ पाहिला आणि शांतपणे म्हणाली, “बाबा, ही डेलावेअरची आहे.”

आता माझी बाजूही ऐका. त्या उंचीवरून सगळ्या वेण्या सारख्या दिसतात. शिवाय १९२५ साली ह्या स्टेडियमवर दुसरा मजला चढवला, अमेरिकेतलं पहिलं दुमजली स्टेडियम म्हणून त्याचं केवढं नाव, आणि मी त्या दुसऱ्या मजल्यावर बसलो होतो. इतिहासानंच माझा घात केला.

तिसऱ्या वर्षी म्हणजे यंदा आई आली होती. आई खटाव तालुक्यातली, पुसेगावजवळची. सहा महिन्यांच्या व्हिसावर आलेल्या माणसाला काय दाखवायचं हा इथल्या प्रत्येक मराठी घरातला प्रश्न. नायगारा झाला होता, न्यूयॉर्क झालं होतं. म्हटलं, चल, नातीची शर्यत. मनात धास्ती होती की ही पाच तास बसणार कशी. पाठ दुखेल, गार वारा लागेल, कंटाळेल. पिशवीत धपाटे, शेंगदाण्याची चटणी, दोन शाली आणि अमृतांजन घेतलं.

बसल्या बसल्या आईनं खाली मैदानावर एक नजर टाकली. मी समजावायला सुरुवात केली, “आई, हे बघ, इथे एकदम सगळे पळत नाहीत. आधी...”

“गट पळतोय न्हवं? कळतंय मला.”

“तुला कसं...”

“आरं, पुसेगावच्या जत्रंत काय पळतंय मग? आधी गट, मग सेमी, मग फायनल. ह्येबी तसंच दिसतंय.”

मी म्हटलं, इथे बहुतेकांची धाव गटातच संपते. आई म्हणाली, “आपल्याकडं तरी काय हुतंय? निम्म्या गाड्या गटातच मार खात्यात.” मग तिनं बारीक डोळे करून पुढचा गट पाहिला आणि विचारलं, “ही आदत हायत का चौसा?”

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: आदत म्हणजे दुधाचे दात न पडलेलं खोंड, चौसा म्हणजे चार दाती. बैलगाडीच्या शर्यतीत ह्यावरून गट पडतात. कुठली मुलगी नववीतली आणि कुठली बारावीतली ही अमेरिकन शाळांची भानगड मला कळायला दोन वर्षं लागली होती. आईनं ती दातावर निकालात काढली.

पळण्याआधी मुलींना स्टँडलगतच्या एका कठडे घातलेल्या जागेत गटागटानं उभं करतात. तिथून नावं पुकारून मैदानात सोडतात. त्या जागेला पॅडॉक म्हणतात. मी आईला सांगितलं. “म्हंजी कोंडवाडा,” आई म्हणाली. मी पाहिलं. आत शंभरेक पोरी, कुणी पाय झाडतेय, कुणी जागच्या जागी उड्या मारतेय, कुणी रडवेली. कोंडवाडाच होता.

ह्या मेळ्याचं पूर्वीपासूनचं नाव रिले कार्निव्हल. सुरुवातीला खेळाडूंना कपडे बदलायला जागा नव्हती म्हणून मैदानाभोवती तंबू ठोकत, त्या तंबूंनी जत्रेची कळा आली आणि नाव पडलं. म्हणजे आई ज्याला जत्रा म्हणत होती त्याचं अधिकृत नाव जत्राच होतं. हे मी तिला मोठ्या उत्साहानं सांगितलं. “मग मी काय म्हनतीय मगाधरनं?”

मी आणखी एक प्रयत्न केला. इथे जिंकणाऱ्यांना देतात त्या पदकावरचं चित्र फोनवर दाखवलं. टेट मॅकेंझी नावाच्या डॉक्टर-शिल्पकारानं केलेलं. विद्यापीठाचा संस्थापक बेंजामिन फ्रँकलिन खुर्चीत बसलाय, हातात पानांची डहाळी, आणि समोरून चार धावपटू ओळीनं चाललेत, चौघेही दिगंबर. आईनं चश्मा सारखा करून नीट पाहिलं. “कापडं वाळत घातल्यात व्हय?” मग फोन परत देत म्हणाली, “आन् ह्यो म्हातारा बसून बघतोय. तुझ्यासारखा.”

त्यानंतर मी इतिहास सांगणं थांबवलं. खरं तर सांगण्यासारखं पुष्कळ होतं. धावपटू जेसी ओवेन्स १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकला जायच्या आधी इथे पळून गेला. सुरुवातीच्या वर्षांत बॅटन नव्हता, हाताला हात लावून पुढच्याला सोडत. आणि ज्या बाकांवर आम्ही कुडकुडत होतो तिथूनच १९६८ च्या डिसेंबरात अमेरिकन फुटबॉलच्या प्रेक्षकांनी सांताक्लॉजला बर्फाच्या गोळ्यांनी झोडपलं होतं. आपला संघ हरतोय म्हणून. दुपारी ढग आले, वारा सुटला, आणि त्या प्रेक्षकांची मनःस्थिती मला पहिल्यांदाच कळली.

आमच्या शेजारी एक जमैकन आजी होती. आईच्याच वयाची, डोक्याला काळा-हिरवा-पिवळा रुमाल, अंगात जांभळा स्वेटर. जमैकाच्या शाळा १९६४ पासून इथे येतात. पहिल्यांदा किंग्स्टन कॉलेज ही शाळा आली (नाव कॉलेज, पण शाळाच), आणि जांभळा हा तिचा रंग. तेव्हापासून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर जिथे जिथे जमैकाची माणसं आहेत तिथून ती गाड्या भरभरून येतात. झेंडे, भोंगे, चिकन, सगळं घेऊन. त्यांच्याकडे शाळकरी पोरांच्या शर्यतींचा स्वतःचा मेळा आहे, चॅम्प्स नावाचा, १९१० पासून चालू असलेला, आणि त्याचं वेड आपल्याकडच्या क्रिकेटच्या तोडीचं. २०१० साली ह्याच मैदानावर उसेन बोल्ट पळाला तेव्हा ५४,३१० लोक आले होते. ही आजी त्यातली एक. “बोल्ट” म्हणून तिनं दोन्ही हात आभाळाकडे ताणून दाखवले. आईला वाटलं, देवाला नमस्कार करतेय. आईनंही केला.

इथून पुढे माझी कुणालाच गरज उरली नाही. आईला इंग्रजी येत नाही आणि त्या आजीचं इंग्रजी मला येत नव्हतं, पण त्या दोघींना अडचण आली नाही. आईनं धपाटं दिलं. आजीनं ते हुंगलं, चटणी लावून खाल्लं आणि पर्समधून बाटली काढून त्यावर आपला तिखट सॉस ओतला. आईनं तो सॉस बोटावर घेऊन चाखला आणि मान डोलावली. मग दोघी मिळून पोरींच्या चुका काढायला लागल्या. बॅटन देताना कुणी मागे वळून पाहिलं की जमैकन आजी कपाळावर हात मारायची आणि आई म्हणायची, “मेली ती.”

त्या स्टेडियमची एक रीत आहे. मागचा गडी पुढच्याला गाठत आला की सगळा स्टँड एका सुरात “ऊऽऽऽ” करतो. अंतर कमी होईल तसा सूर चढत जातो. मी दोन वर्षांत लाजेनं एकदाही केलं नव्हतं. चौथ्या गटाला आईनं पदर खोचला आणि “ऊऽऽऽ” मध्ये असा काही “हुर्रर्रर्र!” मिसळला की पुढच्या दोन ओळींनी मागे वळून पाहिलं. शेताच्या बांधावर उभं राहून काढलेला आवाज आहे तो.

आमचा गट आला. यंदा मी खालच्या मजल्यावर होतो, फोन चार्ज केलेला, पोट रिकामं. मुलीनं बजावलं होतं, “बाबा, लेन, नंबर, बूट, सगळं पाठवलंय. बूट नारिंगी आहेत. प्लीज.” दोन जणी पळून झाल्या. आमची शाळा सातवी. बदलीच्या जागी आठ-दहा पोरींची झुंबड उडाली, हात, बॅटन, वेण्या, आणि बघतो तर नारिंगी बूट चौघींच्या पायात. ह्या वर्षीची फॅशनच ती.

“कुठली? आई, कुठली?”

“ती न्हवं का! डावा खांदा पाडून पळतीया. चाल बघ चाल. तुझ्या बापाची चाल हाय.”

माणसाची वेणी बदलते, बूट बदलतात, चाल बदलत नाही. बैल पारखलेल्या बाईला हे कुणी शिकवायला लागत नाही. मी फोन रोखला. मुलीनं पहिल्या वळणावर एकीला मागे टाकलं. समोरच्या सरळ पट्ट्यात दुसरीच्या मागे लागली. स्टँड “ऊऽऽऽ” करायला लागला, आमच्या पोरीसाठी, अख्खा स्टँड! आणि त्याच क्षणी माझ्यापुढे बसलेली आई उठून उभी राहिली. शेजारची जमैकन आजीही उठली. एक शाल, एक झेंडा आणि दोघींचे चार हात हवेत. मी डावीकडे वाकलो, झेंडा डावीकडे आला. उजवीकडे वाकलो, शाल उजवीकडे आली. माझ्या फोनमध्ये ६८ सेकंदांचा व्हिडिओ आहे. त्यात इरकलीचे काठ अगदी स्पष्ट दिसतात.

शाळेचा नंबर पाचवा आला. मुलगी तीन वर्षं तिथे पळली आणि मी तीन वर्षं तिथे हजर होतो. तिची धाव मी अजून पाहिलेली नाही.

परतीच्या गाडीत मुलगी तंगड्या पसरून झोपली होती. आई खिडकीशी बसून उरलेलं धपाटं खात होती. माझ्या कमरेला अमृतांजन. मी म्हटलं, “झालं बाई एकदाचं. ही आता बारावी संपवून बाहेर. पुन्हा काही यायला नको.”

“व्हय,” आई म्हणाली. मग थोड्या वेळानं, “उंद्या किती वाजता निघायचं?”

“उद्या? उद्या कुठे?”

“उंद्या पोरांची हाय. जांभळी येणार हायती. त्या बाईला मी सांगून आलीया, येते म्हनून. ती जागा धरून ठेवनार हाय.”

“आई, तुला तिचं बोलणं कळत नाही, तिला तुझं कळत नाही, मग हे ठरलं कधी?”

“तू त्या फोनमदी इतिहास वाचत हुतास तवा,” आई म्हणाली. “आन् धपाटी जास्ती घ्यायला लागतील. ती तिच्या दोन भणी आणनार हाय.”

मी साहेबांना रजेचा मेल लिहायला घेतला.