आईची वही आणि आजचं व्याख्यान

आज दुपारी ऑफिसात सगळ्यांना सक्तीने एका व्याख्यानाला बसवलं. विषय, वाढत्या खर्चाचं नियोजन. बोलायला आलेले गृहस्थ तासभर बोलले आणि शेवटी हसत म्हणाले, "महागाई वाढलेली नाही हो, तुमच्या सवयी महाग झाल्यात." लोक हसले, टाळ्याही पडल्या. मी घरी येईपर्यंत धुमसत होते. आता लिहितेय, लांबलं तर लांबू दे.

त्या टाळ्या चालू असताना मला आईची हिशेबाची वही दिसत होती.

आई लग्न झाल्यापासून रोजचा खर्च लिहिते. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च, तळाशी बेरीज आणि बेरजेखाली पुढे ढकललेल्या गोष्टी. गेल्या रविवारी विजेचं जुनं बिल शोधताना ती वही हाती आली. सहज पानं उलटत गेले आणि थांबले. तिचं अक्षर मोठं होत गेलं होतं. एका ओळीत चार नोंदी बसवणारी माझी आई, आणि आता एकेक नोंद दोन-दोन ओळी खात होती. प्रत्येक महिन्याच्या तळाशी तेच, "चष्मा - पुढच्या महिन्यात." मी मोजलं. १४ महिने.

आता सांगा, कोणाच्या सवयी महाग झाल्यात?

म्हणे महागाईचा दर खाली येतोय. येत असेल. पण दर खाली आला म्हणजे भाव उतरले असं नसतं. चढायचा वेग मंदावला, एवढंच. चढलेला भाव चढलेलाच राहतो. वर्षाला ६ टक्के ऐकायला किती किरकोळ वाटतात! त्याच गतीने साधारण १२ वर्षांत घरखर्च दुप्पट होतो. त्यात पगार ४ टक्क्यांनी वाढला की वरून अभिनंदन. अहो, ती कपात आहे! पत्रावर तसं छापत नाहीत, इतकंच.

शिवाय तो दर सरासरी घराचा. ते सरासरी घर कुठे असतं मला माहीत नाही, आमचं तरी नाही. एर्न्स्ट एंगेल नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञाने १८५७ सालीच मांडलं होतं की घर जितकं गरीब, तितका कमाईचा मोठा हिस्सा नुसत्या पोटाला जातो. म्हणजे रोजच्या जिनसा महागल्या की ज्याच्याकडे कमी, त्यालाच जास्त चटका. इतकी जुनी गोष्ट, आणि आम्हाला सवयी सुधारायला सांगतात.

बरं, न बघताच पैसे भरत राहिलेल्या दोन वर्गण्या मी मागच्या महिन्यात बंद केल्या. तेवढं त्यांचं बरोबर. तेवढंच.

वहीत आणखी एक नोंद आहे, ती वाचून मला रडू आलं. "साबण लवकर संपला. जपून वापरणे." आईला वाटलं, आपलीच उधळपट्टी होतेय. मी उठून वेष्टन पाहिलं. १०० ग्रॅमची वडी ८५ ग्रॅमची झाली होती, किंमत तीच. म्हणजे भाव सरळ १७ टक्क्यांहून जास्त वाढला आणि दोष घेतला माझ्या आईने. वजन लिहिलं होतं, हो, कोपऱ्यात बारीक अक्षरात. ते वाचायला तिला दिसत कुठे होतं? फ्रान्समध्ये १ जुलै २०२४ पासून मोठ्या दुकानांना, माल कमी करून भाव वाढवला असेल तर तशी पाटी लावणं सक्तीचं आहे. पाटी लावून भाव उतरत नाही, मान्य. पण निदान घरातली बाई स्वतःला उधळी तरी समजणार नाही.

राग थोडा निवलाय आता. त्या गृहस्थांवर तरी किती चिडू? त्यांच्याही घरात कोणीतरी काहीतरी पुढे ढकलत असेल आणि त्यांना पत्ता नसेल. मला कुठे होता? त्याच १४ महिन्यांत माझा मोबाइल दुरुस्त झाला, त्याच आठवड्यात. भावाच्या क्लासची फी वेळेवर गेली. बाबांचं औषध एकदाही चुकलं नाही. वहीत सगळं आहे. पुढे ढकललं गेलं ते फक्त तिचं. काटकसर सगळ्या घराची म्हणतो आपण, पण ती सगळ्यांत आधी कापते जो तक्रार करत नाही त्याचं ताट. हे कुठल्याच व्याख्यानात येत नाही.

आणि कृपा करून कोणी खाली लिहू नका की आधीच्या पिढीने कमी पैशांत संसार केले. केले ना! असेच केले, डोळे दुखवून, दात दुखवून, कोणाला न सांगता.

आम्ही आता एक ठरवलंय. एक तारखेला वही मोठ्याने वाचायची, सगळ्यांसमोर. दवाखाना, डोळे, दात आधी लिहायचं, बाकीचं त्याखाली. एकच गोष्ट दोनदा पुढे गेली तर तिसऱ्यांदा ढकलायची नाही, दुसरं काहीतरी थांबवायचं. यावर बाबा दोन दिवस गप्प होते. मग स्वतःहून म्हणाले की कानाचं बघायला हवंय. किती दिवस लपवलं होतं कोण जाणे.

रविवारी रात्री मी आईला विचारलं, "दिसत नव्हतं तर बोलली का नाहीस गं?" म्हणाली, "दिसतंय की. मोठं लिहिलं की दिसतं."

काल तिला नंबर तपासायला घेऊन गेले. नवी फ्रेम मी पसंत केली आणि फोन आला म्हणून पाच मिनिटं बाहेर उभी राहिले. आत येऊन पाहते तर तिने माझी फ्रेम परत ठेवून जुन्याच फ्रेमला काचा बसवायला दिल्या होत्या.